‘बाचीपर्यंत’: चित्रपटाच्या कामाच्या नोंदी

५ नोव्हेंबर २०२४

दिवाळी झाली, एक तारखेचा काळा दिन (कर्नाटक राज्याच्या स्थापना दिवशी सीमाभागातली मराठी माणसं पाळतात तो) झाला, आता माणसं परत फोन उचलायला लागली आहेत. पटकथा आज बंद केली. यापुढं संवाद बदलतील, प्रसंग बदलणार नाहीत. निर्मात्यांना, म्हणजे माझ्या दोन मावसभावांना आणि गल्लीतल्या निवृत्त बँक मॅनेजरकाकांना, तसं कळवलं. काकांनी एवढंच विचारलं, "शेवट गोड हाय न्हवं?" हाय म्हटलं.

नव्यानं येणाऱ्या पोरांसाठी गोष्ट एकदा इथंच लिहून ठेवते. सुलभा, वय एकोणपन्नास, बेळगावात शहापूरला राहते. नवरा मराठी शाळेत मास्तर होता. त्याला जाऊन सहा वर्षं झाली तरी गल्ली तिला मास्तरीणबाईच म्हणते. घरात ऐंशी उलटलेली सासू, मुलगी नोकरीला पुण्यात. सुलभा लग्नकार्याचे मांडे करून देते. रघुनाथ, वय पंचावन्न, शिनोळीच्या पुढच्या एका खेड्यातला. मराठा लाइट इन्फंट्रीतून हवालदार होऊन निवृत्त, आता घरामागं काजू फोडायचा छोटा कारखाना. काडीमोड होऊन पुष्कळ वर्षं झाली. दोघं भेटतात बेळगाव–बाची बसमध्ये.

बाहेरच्यांना बाची माहीत नसणार. वेंगुर्ला रस्त्यानं हिंडलगा, सुळगा, उचगाव फाटा मागं टाकत गेलं की आमच्या बाजूचं शेवटचं गाव. त्यापुढं शिनोळी: तालुका चंदगड, जिल्हा कोल्हापूर, राज्य महाराष्ट्र. रस्ता तोच, शेतं तीच, पाहुणे दोन्हीकडं. ११ जून २०२३ ला कर्नाटकात शक्ती योजना सुरू झाली. तेव्हापासून राज्याच्या साध्या बसमध्ये इथल्या बायकांना प्रवास फुकट. आधार कार्डावरचा कर्नाटकातला पत्ता दाखवायचा, वाहक मशीनमधून शून्य रुपयाचं तिकीट काढून देतो. पण हे राज्याच्या हद्दीतच. म्हणून सुलभा बाचीपर्यंत फुकट जाते, उतरते, चालत हद्द ओलांडते आणि पलीकडं महाराष्ट्राच्या एसटीत अर्ध्या तिकिटात बसते. तिकडं बायकांना निम्मं भाडं १७ मार्च २०२३ पासून. रघुनाथला दोन्ही राज्यांत पूर्ण तिकीट, आणि वर बसायला जागा नाही.

या गाड्या आता बायकांनी भरलेल्या असतात, मंगळवारी-शुक्रवारी तर उचगावच्या मळेकरणी देवीला जाणाऱ्यांची भर. रघुनाथ उभा. हातातली काजूची पिशवी तो बसलेल्या सुलभाच्या मांडीवर देतो. ती उतरते ती पिशवी घेऊनच. पुढं चोरीचा आळ, पिशवी परत करायला जाणं, आणि आतले निम्मे काजू सासूनं आधीच खाल्लेले असणं.

एक गोष्ट सगळ्यांनी डोक्यात ठेवायची. पोरापोरींच्या प्रेमकथा गैरसमजावर चालतात. कुणीतरी अर्धं ऐकतं, कुणीतरी चिठ्ठी चुकीच्या हातात देतं. पन्नाशीतल्या माणसांना गैरसमज करून घ्यायला सवड नसते, ती सरळ फोन लावून विचारतात. त्यांना आईबापही अडवत नाहीत, बहुतेकांचे उरलेले नसतात. त्यांना अडवतात कागद: पेन्शन, पत्ता, रेशनकार्ड, खातं. आपला विनोद तिथून काढायचा. कुणी केळीच्या सालीवरून घसरणार नाही.

१९ नोव्हेंबर २०२४

कोर्टाजवळच्या एका वकीलबाईंच्या ऑफिसात सकाळ गेली. त्यांनी फी घेतली नाही. "पिक्चरमध्ये वकिलाचं काम द्या" म्हणाल्या. देणार आहे.

सुलभाला मांडव नको आहे. "एकदा बसले मांडवात. आता बसले तर उठवायला दोघं लागतील," असं तिचं वाक्य आहे. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात आधी विधी आणि मग नोंदणी, त्यामुळं तो रस्ता बंद. राहिला १९५४ चा विशेष विवाह कायदा. त्यात दोघांपैकी एकजण ज्या जिल्ह्यात निदान तीस दिवस राहतोय तिथल्या विवाह अधिकाऱ्याला नोटीस द्यायची. ती नोटीस कार्यालयात सगळ्यांना दिसेल अशा जागी लावतात आणि हरकतीसाठी तीस दिवस थांबतात. दुसरा पक्ष दुसऱ्या जिल्ह्याचा कायमचा रहिवासी असेल तर नोटिशीची प्रत तिकडच्या कार्यालयातही लागते. म्हणजे आमच्या जोडीची नावं बेळगावच्या फळ्यावरही आणि कोल्हापूर जिल्ह्यातल्या फळ्यावरही. लग्नाच्या वेळी तीन साक्षीदार. आणि नोटीस दिल्यापासून तीन महिन्यांत लग्न लागलं नाही तर ती बाद, परत पहिल्यापासून.

रोमँटिक कॉमेडी लिहिणाऱ्याला घड्याळ लागतं. इतकं आयतं घड्याळ मला सुचलं नसतं. उत्तरार्ध सगळा या तीस दिवसांत बसवला होता, तो कायद्यात बसतोय याची आज खात्री झाली.

पेन्शनचंही विचारून घेतलं. मास्तरच्या मागं सुलभाला मिळणारं कुटुंब निवृत्तिवेतन तिनं पुन्हा लग्न केलं की थांबतं. वकीलबाई म्हणाल्या, त्यांच्याकडं अशी जोडपी येतात, चौकशी करतात, चहा पितात आणि लग्न न करता जातात. हे वाक्य जसंच्या तसं त्यांच्याच तोंडी घातलं आहे.

जाता जाता हेरवाडचा विषय निघाला. शिरोळ तालुक्यातल्या त्या ग्रामपंचायतीनं मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला, तेव्हा आमच्या भागातही चर्चा झाली होती. सहायक दिग्दर्शक पोरगा म्हणतो, पटकथेत त्याचा उल्लेख हवा. नको. उल्लेख आला की पात्रं भाषण करतात. सुलभाच्या हातचे मांडे प्रत्येक लग्नात चालतात आणि ओटी भरायच्या वेळी ती स्वयंपाकघरात असते, हे एका शॉटमध्ये दाखवायचं आणि कुणी त्यावर काही बोलायचं नाही.

६ डिसेंबर २०२४

नायिका ठरली. बेळगावच्या हौशी रंगभूमीवरची, दिवसा बँकेत. पुण्याच्या दोन नावाजलेल्या बायकांचे व्हिडिओ आले होते. अभिनय उत्तम, पण बसमध्ये चढताना त्यांनी पदर ज्या पद्धतीनं सावरला त्यात रोजचा प्रवास नव्हता. आमची बाई ऑडिशनला आली तीच बसमधून उतरून, खांद्याला दोन पिशव्या, आणि पहिलं वाक्य, "पंखा लावा वो आधी."

नायक गडहिंग्लजचा. मिशी स्वतःची. सैन्यात नव्हता कधी, पण गावात प्रत्येक गल्लीत एक माजी सैनिक असल्यामुळं उभं राहणं त्याला शिकवावं लागणार नाही. खरी पंचाईत सासूची. ऐंशीच्या वयाची, पाठांतर असलेली आणि सकाळी सहाला तयार होणारी बाई कुठून आणायची? तर शहापूरच्याच एका भजनी मंडळातल्या आजी मिळाल्या. अभंग इतके पाठ आहेत की संवाद त्यांना किरकोळ वाटतात. अट एकच: एकादशीला शूटिंग नाही.

कॅमेरामनशी वाद. त्याला नायिकेच्या क्लोजसाठी भिंगापुढं मऊ करणारा फिल्टर लावायचाय. मी नाही म्हटलं. गळ्यावरच्या रेषा दिसू देत. खिडकीचा उजेड एका बाजूनं, दुसऱ्या बाजूला पांढरा थर्माकोल, बास. तो रुसला आहे. रुसू दे, कोल्हापूरचा आहे, जेवला की विसरतो.

२४ डिसेंबर २०२४

महिनाभर शूटिंग पुढं ढकललं ते याच्यासाठी. नऊ ते एकोणीस सुवर्णसौधमध्ये, म्हणजे इथल्या विधानभवनात, कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन, लॉजच्या खोल्या मिळेनात. आता १९२४ च्या काँग्रेस अधिवेशनाची शताब्दी. गांधीजी अध्यक्ष होते ते एकमेव अधिवेशन टिळकवाडीत झालं होतं. सगळ्या शहरात रोषणाई केली आहे, रस्ते झाडून लख्ख.

एवढी रोषणाई आमच्या बजेटात सात जन्मात बसली नसती. मुख्य शूटिंग जानेवारीत असलं तरी दोन्ही कलाकारांना काल रात्री बोलावून घेतलं. कॅमेरा हातात, माईक नाही, नुसतं चालणं. रघुनाथ पहिल्यांदा तिला घरापर्यंत सोडायला येतो तो प्रसंग. कमानी आणि नेत्यांचे फलक फ्रेमच्या बाहेर, फक्त माथ्यावरचे दिवे आत. दोघं बोलत नाहीत कारण संवाद रेकॉर्डच होत नव्हते, आणि आता पाहिल्यावर वाटतं, त्यांनी बोलायलाच नको होतं. त्या जागी लिहिलेलं पान काढून टाकलं.

१२ जानेवारी २०२५

मांड्यांची तालीम. हे नीट लिहून ठेवते, कारण शूटिंगच्या दिवशी सगळ्यांना हाच घोळ निस्तरायचा आहे.

वडगावातल्या एका मावशींकडं गेलो. पन्नासेक वर्षं लग्नाघरचे मांडे करतात. पीठ आदल्या रात्री भिजवून, पहाटे तिंबून तिंबून इतकं मऊ केलेलं की बोट रुतवलं तर ठसा हळूहळू वर येतो. गोळ्यात पिठीसाखर, खसखस, वेलदोडा यांचं सारण भरायचं, पोळी कागदासारखी पातळ करायची, दोन्ही हातांवर झेलत नेऊन उपड्या तापल्या भांड्यावर अलगद टाकायची. तिथून पुढं घाई. रंग फिरला की खाली घेऊन गरम असतानाच चौकोनी घडी. चार श्वास उशीर झाला तर घडी पडत नाही, चुरा होतो. आमच्या नायिकेचा पहिला मांडा मधोमध फाटला. मावशी म्हणाल्या, "बँकेतली न्हवं तू? नोटा मोजल्यागत करू नको, लेकराला उचलल्यागत उचल." त्यानंतरचे बरे झाले.

अडचण कंटिन्युइटीची. वाइडमध्ये घडी घातलेला मांडा क्लोजमध्ये तोच असू शकत नाही, तोवर त्याच्या पापुद्र्यांचा भुगा झालेला असतो. म्हणून उलट्या क्रमानं घ्यायचं ठरलं: आधी हातांचे क्लोज, मावशींच्या हातांचे, मग नायिकेचे, शेवटी वाइड. दोघींच्या हातांत सारख्या हिरव्या बांगड्या हव्या होत्या, पण सुलभा विधवा आहे, तिच्या हातात बांगडी एकेकच आणि तीही प्लास्टिकची. मावशींनी आपल्या बांगड्या उतरवायला साफ नकार दिला. नवरा जिवंत आहे. बरोबरच आहे त्यांचं. त्यांचे हात मनगटापर्यंतच फ्रेममध्ये घेणार.

सासूच्या भूमिकेतल्या आजी सोबत आल्या होत्या. चुरा झालेले सगळे त्यांनी खाल्ले.

२८ जानेवारी २०२५

शूटिंग सुरू. बसचे प्रसंग आधी उरकले.

महामंडळाची गाडी भाड्यानं घेणं परवडत नव्हतं, शिवाय परवानगीच्या अर्जांचं चक्र. एका खाजगी मालकाची जुनी बस मिळाली. बाहेरून गाडी दाखवायचीच नाही, सगळं आतून. खिडक्यांतून ऊस, मग उचगाव फाट्याची गर्दी, मग चेकपोस्ट. माणसं बसवायला गल्लीतल्या बायका. "किती वाजेपर्यंत?" आणि "जेवण काय?" एवढंच त्यांनी विचारलं आणि मग कॅमेरा आहे हे साफ विसरून भिशीचं भांडण काढलं. ते भांडण पार्श्वभूमीला ठेवलं आहे, पुढं डबिंगमध्ये असलं काही मिळत नसतं.

वाहकाची भूमिका करणारा पोरगा हुक्केरीचा, कन्नड आणि मराठी दोन्हीत सारखाच सफाईदार. पटकथेत त्याचे संवाद मराठीत होते. त्यानं स्वतःहून निम्मे कन्नडमध्ये घेतले, सुलभा मराठीत उत्तर देते, कुणीच काही थांबून समजावत नाही. रोज असंच चालतं. पुण्याच्या संकलकानं फोनवर विचारलं, लोकांना कळेल का. बसमध्ये आधार कार्ड मागतोय हे न कळणारा प्रेक्षक मला नकोच आहे.

६ फेब्रुवारी २०२५

सुलभाचं घर म्हणून घेतलेलं घर देखणं आहे, माडी, लाकडी जिना, मागं आड. पण तिन्ही बाजूंना यंत्रमाग. शहापूर, वडगाव, खासबाग म्हणजे विणकरांची वस्ती. साड्यांसाठीच नाव आहे. खटक-खटक सकाळी सुरू होतं ते रात्रीपर्यंत. साऊंडवाल्यानं हेडफोन काढून माझ्याकडं बघितलं, काही बोलला नाही.

मागवाल्यांना थांबायला सांगणं शक्य नाही. पोट आहे त्यांचं. मग तोडगा निघाला तो वर्तमानपत्रातून. ‘दुरुस्तीच्या कामासाठी उद्या या भागात वीज बंद’ अशा नोटिशी येतात त्या रोज वाचायच्या आणि नेमक्या त्याच दिवशी घरातले संवादाचे प्रसंग लावायचे. वीज गेली की माग थांबतात, गल्ली इतकी शांत होते की आडातल्या पाण्याचा आवाज येतो. कॅमेरा बॅटरीवर, उजेड खिडकीचा. कॅमेरामनचा फिल्टरही आपोआपच विषयातून गेला, कारण तेवढा उजेडच नसतो. आज आख्खी गल्ली वीज गेली म्हणून शिव्या घालत ओट्यावर बसली होती आणि आम्ही आत पेढे वाटत होतो.

मागांचा आवाज मात्र वेगळा रेकॉर्ड करून ठेवला. सुलभा रात्री जागी असते त्या प्रसंगाखाली तो हवाच.

२३ फेब्रुवारी २०२५

भाषेवरून कर्नाटकाच्या बसवाहकाला मारहाणीच्या प्रकरणानंतर वातावरण तापलं आहे. चित्रदुर्गला महाराष्ट्राच्या गाडीच्या चालकाच्या तोंडाला काळं फासल्याची बातमी, आणि दोन्ही राज्यांच्या गाड्या बंद. पोरं हद्दीपर्यंत येऊन पलीकडं चालत जातायत. गडहिंग्लजचा आमचा नायक कालपासून घरी अडकला आहे. त्याला दुचाकीनं आडवाटेनं आणायची तयारी मावसभावानं दाखवली, मी नको म्हटलं.

पटकथेत गाड्या बंद होण्याचा प्रसंग मुळापासून आहे: नोटिशीचे तीस दिवस उलटतात, आणि लग्न लावायचं त्याच दिवशी बस नाही आणि रघुनाथला बेळगावात पोचायचंय. आता सगळे विचारतायत, ताज्या बातम्या घालायच्या का, खऱ्या आंदोलनाची दृश्यं घ्यायची का. नाही घालायच्या. इथल्या माणसाला गाड्या का बंद आहेत हे विचारावं लागत नाही, आणि भांडण कुणी सुरू केलं यात आमच्या दोघांना रस नाही. त्यांना फक्त ऑफिस पाचला बंद होतं एवढंच माहीत आहे. रघुनाथ फटफटीवर काजूची गोणी बांधून निघतो, पोलिसानं अडवलं तर माल पोचवायचाय म्हणायला. पोलीस गोणी उघडायला लावतो. पुढचं लिहीत नाही, मावसभाऊ हे वाचतात आणि बाहेर सांगतात.

११ मार्च २०२५

चित्रपटाचा गाभा असलेला प्रसंग आज झाला. लग्नाचा हिशेब. सासू खाटेवर, रघुनाथ प्लास्टिकच्या खुर्चीत अगदी टोकावर, सुलभा खाली बसून कुणाच्यातरी लग्नपत्रिकेच्या पाठीवर लिहितेय. मागणी घालण्याचा प्रसंग म्हणून एवढाच आहे, दुसरा नाही. त्यातली गृहलक्ष्मी म्हणजे कर्नाटकाची लाडकी बहीण.

"मास्तरची पेन्शन?" सासू विचारते.

"जाणार."

"गृहलक्ष्मीचे दोन हजार?"

"पत्ता तिकडं गेला की ते बी जाणार."

"बस?"

"जाणार."

रघुनाथ खाकरतो. "आमच्याकडं लाडकी बहीण हाय. दीड हजार."

"तुम्हाला पेन्शन हाय की. पेन्शनवाल्याच्या घरात देत न्हाईत. विचारून आलेय मी."

इथं लांब शांतता. मग रघुनाथ, आयुष्यातलं शेवटचं काडतूस काढावं तसा, "कँटीन हाय."

"कसलं कँटीन?"

"मिलिटरीचं. साबण, तेल, चहापत्ती, मिक्सर, सगळं स्वस्तात. दवाखान्याचं कार्ड बी निघतंय बायकोच्या नावानं."

सासू विचार करते. "आणि ह्यो मेला तर?"

"अहो आई!"

"मेलो तर फॅमिली पेन्शन," रघुनाथ शांतपणे म्हणतो. "हिच्याच नावानं."

"मग लिही की तिकडं," सासू सुलभाला.

‘अहो आई’ला नायिका खरोखरची हसली, पदर तोंडाला लावून, आणि नायकानं न थांबता पुढचं वाक्य टाकलं. तोच टेक ठेवतेय. संकलकाला सांगून ठेवलं आहे की या प्रसंगात एकही तुकडा दुसऱ्या टेकचा लावायचा नाही, दिसला तर मला कळेल.

त्यानंतर सासूचं वाक्य येतं, आणि कथा त्यावर वळते: "पत्ता कशाला बदलतीस? चार दिस तिकडं ऱ्हा, तीन दिस हितं ये. मास्तर असताना मी बी माहेरी जात हुतोच की." लग्नानंतर बाईनं पत्ता बदललाच पाहिजे असं कोणत्याही कायद्यात नाही, पण सुलभाला, रघुनाथला आणि खरं सांगायचं तर आमच्या निर्मात्यांनाही हे कुणीतरी सांगावं लागलं. पेन्शन तेवढी जाते. ती जाणारच. काकांनी सुचवलं होतं की शेवटी तीही वाचवून टाकू, काहीतरी जीआर आला असं दाखवून. साफ नाही म्हटलं. काहीच गमावलं नाही तर तिनं ठरवलं काय?

२२ मार्च २०२५

कर्नाटक बंद. बाहेर काम नाही. घरी बसून फुटेजला नावं दिली, हार्ड डिस्कच्या नकला केल्या. एक काकांकडं, एक माझ्याकडं.

१७ एप्रिल २०२५

हंगाम असल्यामुळं काजूचे प्रसंग शेवटी ठेवले होते. चंदगडकडं सगळीकडं बोंडांचा आंबूस वास. कारखाना खरा आहे, मालकानं मशीन बंद न करता आम्हाला कोपरा दिला.

बिया वाफवून रात्रभर गार करतात. मग पायानं दाबायच्या कटरवर एकेक बी धरायची, दोन पात्यांमध्ये टरफल दुभंगतं, गर पिनेनं उचकटून काढायचा. टरफलातल्या चिकानं कातडी जळते म्हणून बायका हाताला तेल लावून बसतात, बोटांची टोकं तरी काळी पडलेलीच. नायकाच्या बोटांना मेकअपनं काळं करायचं ठरलं होतं. दोन तास बसून त्यानं स्वतःच फोडल्या, मेकअपची गरज राहिली नाही, रात्री मात्र मलम लावत होता.

प्रतवारीचं टेबल मला पहिल्यापासून हवं होतं. वाळवून, साल काढून अख्खे गर वेगळे करतात: एकशे ऐंशी, दोनशे चाळीस, तीनशे वीस. एका पौंडात किती अख्खे गर बसतात त्याचा तो आकडा, म्हणून आकडा लहान तितका काजू मोठा आणि महाग. दुभंगला तर पाकळी, मोडला तर तुकडा, मग कणी. सुलभा टेबलाशी बसून न सांगताच निवडायला लागते, रघुनाथ बघत राहतो आणि म्हणतो, "आपण काय आता अख्ख्यात नाही, सुलभाबाई. पाकळीत धरा." त्यानं तिला नावानं हाक मारायची ही पहिली वेळ. ती वर न बघता विचारते, "पाकळीचा भाव काय?" तो भाव सांगतो. खरा, त्या दिवसाचा. कॅमेऱ्यामागं कारखान्याच्या मालकानं मान हलवली, बरोबर आहे म्हणून.

२६ मे २०२५

वळीव म्हणावा तर थांबायला तयार नाही, मान्सूनच लवकर आलाय म्हणतात. कच्ची जुळणी आज शहापूरच्या एका पत्र्याच्या हॉलमध्ये लावली. पावसात निम्मे संवाद ऐकू आले नाहीत, तरी लोक उठले नाहीत. बसमधल्या बायका, माग चालवणारे शेजारी, वकीलबाई, भजनी मंडळ.

हिशेबाच्या प्रसंगाला हशा मला हवा होता तिथं आला नाही, त्याच्या आधीच आला. "जाणार", "ते बी जाणार" याला मागच्या रांगेतल्या बायका हसत सुटल्या आणि "कँटीन हाय"पर्यंत त्यांचा आवाज ओसरला नव्हता. संकलक म्हणतो, मध्ये जागा सोडू. मला वाटतं, नको. हशात एक वाक्य बुडालं तर शेजारचीला विचारतील.

सासू साक्षीदार म्हणून सही करते तो शेवटचा प्रसंग. तिसरा साक्षीदार येत नाही, गाड्या बंद आहेत, आणि ती रिक्षानं एकटी आलेली असते. सुलभा काही बोलणार तेवढ्यात म्हणते, "मला विचारलीस तर मी नको म्हणणार. म्हणून विचारू नको. सही कुठं करायची तेवढं सांग." हॉलमध्ये कुणी हसलं नाही. हसतील असं मला वाटलं होतं. नंतर पंचावन्न-साठच्या एक बाई येऊन म्हणाल्या, "सासूला एवढं चांगलं दाखवू नका, खोटं वाटतंय." मग थोडं थांबून, "नाहीतर दाखवा." काजू खाण्याचा एक प्रसंग आधी काढून टाकला होता, तो परत घालतेय. सासू थोडी आपमतलबी राहिली तर सही जास्त पटेल.

वकीलबाईंना स्वतःचा आवाज आवडला नाही. डबिंग करू म्हणतायत. नाही करणार.

१८ जून २०२५

सेन्सॉर प्रमाणपत्राचा अर्ज आता ऑनलाइन, ई-सिनेप्रमाण या पोर्टलवर. गेल्या वर्षीच्या नियमांपासून यूए प्रमाणपत्राचेही सात, तेरा आणि सोळा वर्षांवरचे असे भाग झालेत. आमच्या चित्रपटात शिवी एकच आहे आणि ती सासूची.

अडलंय ते म्हशींवर. बाचीजवळच्या शॉटमध्ये एक कळप रस्ता ओलांडतो. आम्ही आणलेला नाही, तो त्याच्या वेळेनं आला. पण चित्रपटात जनावर दिसलं की प्राणी कल्याण मंडळाकडचे कागद लागतात, आणि खरं तर ते शूटिंगच्या आधी मागायचे असतात. कॅमेरामन म्हणतो, तो सगळ्या चित्रपटातला सर्वांत चांगला शॉट आहे. संकलक म्हणतो, आहे, पण त्याच्याशिवाय प्रसंग चार सेकंदांनी नीटस होतो. मी संकलकाच्या बाजूनं. शॉट काढला. कॅमेरामन परत रुसला आहे.

कन्नड उपशीर्षकांचं काम हुक्केरीच्या पोरानंच घेतलं, पैसे न घेता. वाहकाच्या वाक्यांना मराठी उपशीर्षकं द्यायची नाहीत हे पक्कं.

पहिला खेळ बेळगावात की चंदगडला यावरून मावसभावांची जुंपली आहे. एकाची सासुरवाडी इकडं, दुसऱ्याची तिकडं. दोघांना म्हटलं, प्रमाणपत्र हातात आल्यावर भांडा, तोवर रंगदुरुस्तीचे राहिलेले पैसे कुणी भरायचे ते ठरवा.